विजूच्या मापाची सायकल

माझी थोरली लेक विजयमाला शेहेचाळिसाव्या वर्षी सायकल मागत होती. साधी नाही, डोंगरावर चढणारी, जाड चाकांची आणि गिअरची.

मेढ्याच्या पलीकडं एका वाडीवरच्या शाळेत ती शिकवायची. शाळेच्या वरच्या अंगाला डोंगर आहे. कधीमधी पुण्याकडच्या बायका तिथून तसल्या सायकलींवर खाली उतरायच्या आणि शाळेच्या नळावर पाणी प्यायला थांबायच्या. विजू घरी येऊन सांगायची, "आई, माझ्याएवढ्याच हायत गं त्या. एक तर माझ्यापरास म्हातारी होती."

सायकल तिला लहानपणापासून येत होती. तिचे वडील कोरेगावला दूध घालायला जायचे, त्यांची ती मोठी सायकल. विजू दांड्याखालून पाय घालून, तिरकी लोंबकळत ती चालवायची. गुडघे कायम फुटलेले. तिच्या मापाची छोटी सायकल घ्यावी असं माझ्या मनात कधी आलं नाही. आमच्याकडं मापाचं काही घेतच नसत. पोरांचं अंग वाढतं. गणवेश दोन वर्षं पुढचा घ्यायचा, चप्पल बोटभर मोठी घ्यायची आणि पुढं चिंधी कोंबायची. ते अंगाबरोबर यायचं तोवर फाटलेलं असायचं. लग्नसुद्धा मी तसंच लावलं. स्थळ मोठं आहे, पोरगी हळूहळू त्यात मावेल म्हणून. तीन वर्षांनी ती परत आली. मग तिनं शिक्षण पुरं केलं, नोकरी धरली, साताऱ्यात दोन खोल्या घेतल्या आणि माझी पन्नाशी उलटल्यावर मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावली.

माघात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ काढली. त्यानंतर मी गाव सोडून तिच्यापाशी राहायला आले. दर महिन्याला मिरजेच्या दवाखान्यात तपासणीला जायचं. माझा मुलगा लालासाहेब आष्ट्याला असतो, तिकडं त्याचा ऊस आहे. तो त्याची पिकअप गाडी घेऊन यायचा.

श्रावणातल्या तपासणीला विजू रक्त द्यायला खाली गेली होती. डॉक्टरांनी मला आणि लालाला आत बोलावलं. म्हणाले, "लिव्हरमध्ये पसरलंय. आता औषधानं फार काही व्हायचं नाही. तीन महिने धरा. त्यांना आवडेल ते खाऊ द्या, आवडेल ते करू द्या."

मग त्यांनी विचारलं, "त्यांना कोण सांगणार?"

लाला म्हणाला, "आमी सांगतो."

बाहेर आल्यावर त्यानं माझा दंड धरला. "आई, एक शब्द काढायचा न्हाई. ताई धीर सोडंल."

मलाही तेच वाटत होतं. आमच्यात असंच करतात. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत मूळव्याध आहे म्हणूनच सांगितलं होतं. विजूच्या वडलांना कावीळ सांगितली होती. आजार सांगितला की माणूस दोन दिवसांत खचतो, असं थोरामोठ्यांकडून ऐकत आले होते. फाईल लालानं गाडीच्या सीटखाली ठेवली. विजूला म्हणाला, "सगळं बरं हाय. जरा अशक्तपणा हाय म्हणं."

त्याच दिवशी परत येताना गाडीत विजूनं सायकलीचा विषय काढला. "मग आता सायकल घेऊया. उन्हाळ्यापतूर डोंगर चढायला शिकती."

एरवी आमच्या घरात कोणी बाईमाणसानं असं काही मागितलं असतं तर चार दिवस हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. लाला गाडी चालवत समोर बघत राहिला. मी म्हणाले, "घेऊ की. जरा अंगात ताकद येऊ दे. गणपती होऊ देत, मग घेऊ."

असं मी का म्हणाले हे मला अजून नीट सांगता येत नाही. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात होते. पण जन्मभराची सवय तोंडात होती. थांब, नंतर बघू, सणाला काढू. माझ्या घरातला नवा कुकर दोन वर्षं खोक्यात होता. आणि ती पडेल ही भीतीही होतीच.

विजूनं ऐकलं. महिनाभर ती शहाण्या पोरीसारखी पडून राहिली. नाचणीची आंबील घेतली, अंडी खाल्ली, दुपारी झोपली. मोबाइलवर सायकली बघायची आणि मला दाखवायची. "ताकद यायला लागली बघ," म्हणायची आणि दंड फुगवून दाखवायची. दंड काही फुगायचा नाही.

गणपती झाले. एक दिवस न्हाणीत तिची पाठ चोळताना माझा हात फासळ्यांवरून घसरत गेला. वेताच्या टोपलीवरून फिरावा तसा. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्याच जाऊ, चल. सायकल बघायला."

साताऱ्यात आम्ही दोन दुकानं पाहिली. पहिल्यात लहान पोरांच्याच सायकली होत्या. दुसऱ्याचे मालक दादासो, पोट सुटलेले, बोलायला मोकळे. त्यांनी एक गुलाबी सायकल पुढं केली.

"ही घ्या बाई. खास लेडीज. म्होरं बास्केट हाय, भाजी ऱ्हाती."

"मला भाजी आणायची न्हाई. डोंगर चढायचाय," विजू म्हणाली.

"कुटला डोंगर?"

"दिसंल त्यो."

दादासो माझ्याकडं वळले. "आवं आजी, लेक चेष्टा करतीया का वो माझी?"

"मास्तरीण हाय," मी म्हणाले. "चेष्टा करत न्हाई, छडी मारती."

दादासो हसले आणि आतून जाड चाकांची एक सायकल ढकलत आणली. चांगली दणकट होती, पण पुरुषांची. विजू तिच्यावर चढली तेव्हा तिचे चवडे कसेबसे टेकत होते. हँडल धरायला वाकली आणि तोंड आवळून तशीच उतरली. पोटावरची शिवण ताणली होती.

"सीट खाली केली की झालं," दादासो म्हणाले. "समद्या पोरी हीच नेत्यात. सायकल म्हंजे सायकल, बाई."

"दुसऱ्याची चप्पल घालून चालता का वो तुमी?"

"देवळातनं येताना घातलीय एकदा," दादासो म्हणाले, आणि तिघंही हसलो. मग त्यांनी चहा मागवला आणि आपणहून सांगितलं, "सांगलीला विश्रामबागेकडं एक बाई दुकान चालवती. शिंप्यागत माप काढून सायकल देती म्हणं. तिकडं जावा. माझ्याकडं तुमच्या मापाचं न्हाई, उगा कशाला गळ्यात मारू."

दोन दिवसांनी मिरजेला तपासणी होतीच. लाला फोनवर म्हणाला, तुम्ही एसटीनं या, दवाखान्याचं आटपा, मी दुपारी पिकअप घेऊन येतो, सायकल घेतली तर साताऱ्याला पोचवतो. त्या दिवशी डॉक्टर विजूशी गोड बोलले. "काय मॅडम, सायकल घेताय म्हणे? घ्या, घ्या." विजू खुश झाली. मी खाली बघत होते.

सांगलीचं दुकान लहान होतं, पण नीटनेटकं. ते चालवणारी ऋचा तिशीची असेल. आखूड केस, बोटांना ग्रीस. तिनं आधी मला खुर्ची दिली, मग विजूला विचारलं, "कुठं चालवणार? किती वेळ? काही दुखतं-खुपतं का?" साताऱ्यात हे कुणीच विचारलं नव्हतं.

"पोटाचं ऑपरेशन झालंय," विजू म्हणाली. "आता बरी आहे."

"मग फार वाकायचं नाही. चप्पल काढा ताई, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. हे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरा. घट्ट, वरपर्यंत."

विजूनं मला डोळा मारला. "बघ आई. मास्तरणीला इथंबी पुस्तकच."

ऋचानं टेप लावली. पायांचं माप घेतलं, खांद्यापासून मनगटापर्यंत हातांचं घेतलं, तळवा पसरून बोटांचंसुद्धा घेतलं. ब्रेक धरायला बोटं पुरली पाहिजेत म्हणाली. सगळं कागदावर लिहिलं. माझ्या लेकीचं इतकं नीट माप जन्मात कुणी काढलं नव्हतं. मीही नाही.

"तुम्हाला साडेतेरा इंची फ्रेम लागेल," ऋचा म्हणाली. "थांबा, दाखवते."

एका गिऱ्हाइकाची त्याच मापाची सायकल दुरुस्तीला आली होती. निळ्या रंगाची. ऋचानं मागून धरली आणि विजूला बसवलं. विजूचे हात हँडलवर गेले ते जणू तिथंच ठेवलेले होते. पाठ सरळ राहिली. पाय पॅडलवर अर्धवट वाकले. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. शिवण ताणली की तिच्या नाकपुड्या फुगतात. तशा त्या फुगल्या नाहीत.

तिनं दोन्ही ब्रेक दाबून बघितले. मग म्हणाली, "आई, कळतच न्हाई गं. बसल्याचं कळतच न्हाई."

"हेच माप," ऋचा म्हणाली.

"हीच द्या की."

"ही दुसऱ्यांची आहे हो. माझ्याकडं आता साडेपंधराची आहे फक्त. तुमची कंपनीकडून मागवावी लागेल. हे माप कमी जातं, त्यामुळं आठ-दहा आठवडे लागतात. दिवाळी उलटून जाईल."

"चालंल," विजू लगेच म्हणाली. "थांबती मी. मागवा."

मी बोटांवर आठवडे धरू लागले आणि मध्येच सोडून दिले.

"ती दुसरी दाखवा की," मी म्हणाले. "हाय ती."

ऋचानं साडेपंधराची आणली. करड्या रंगाची. विजू बसली. बोटभर पुढं ताणली गेली. पाय टेकत होते, पण दांडा अंगाला लागत होता.

"मोठी हाय," विजू म्हणाली.

"असूंदे की जरा मोठी. कशाला थांबायचं? हीच घे."

"वाढत्या अंगाची व्हय?" विजू हसायला लागली. "आगं आई, शेहेचाळीस झाली मला. आता कुटं वाढतीय मी?" ती ऋचाला म्हणाली, "माझ्या आईनं मला जन्मात मापाचं काही घेऊ दिलं नाही. आता तरी सोडा म्हणावं."

"न्हाई विजू, आजच घेऊ. लाला गाडी घेऊन येणारच हाय. उगा दहा आठवडं..."

"दहा आठवड्यांनी काय हुतंय? उन्हाळ्याला अजून वेळ हाय."

"आजच घे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "सवड हाय तवर घ्यावं माणसानं."

विजू सायकलीवर तशीच बसून होती. हसू तोंडावर राहिलं, पण डोळे बदलले. ती माझ्याकडं बघत राहिली. वर्गात पोरानं दुसऱ्याचं बघून लिहिलेलं तिला कळायचं तेव्हा ती अशीच बघत असेल.

"तू कवा कशाची घाई केलीस गं?" तिनं हळू विचारलं. "कुकर खोक्यात ठिवणारी बाई तू."

मी पदर नीट करू लागले.

ती उतरली. ऋचाला म्हणाली, "आईला जरा गरगरल्यासारखं होतंय. बाहेर वाऱ्याला बसवते." आणि माझा हात धरून मला दुकानाच्या पायरीवर घेऊन आली. समोरून मिरजेकडं जाणाऱ्या गाड्या चालल्या होत्या.

"डॉक्टर काय म्हणाला?" तिनं विचारलं.

"काय म्हणायचंय? तुझ्याम्होरंच तर बोलला."

"आजचं न्हाई. मागच्या बारीचं. मी रक्त देऊन वर आली तवा लाला भिंतीकडं तोंड करून हुता. आन् गाडीपर्यंत तू माझा हात धरून चाललीस. आजारी मी, आन् आधार तू घेतलास. मला तवाच कळाय पायजे हुतं." "कळलंबी असंल. मला नको हुतं कळायला."

"विजू, तसं काय न्हाई..."

"आई. किती?"

मी तीन बोटं वर केली. ती त्या बोटांकडं बघत होती. मग मला आठवलं की ते श्रावणातलं होतं. मी एक बोट मिटलं.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून गेला. मला वाटलं आता रडेल, आता पडेल, लाला म्हणाला तसा धीर सोडेल. मी तिला धरायला हात पुढं केला. तिनं तो बाजूला केला.

"महिना झाला म्हंजे," ती म्हणाली.

"व्हय."

"मी महिनाभर पडून हुती, आई. ताकद साठवत हुती. जेवून झोपायची, उठून जेवायची. कशासाठी? म्होरल्या उन्हाळ्यासाठी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोसलं असतं. "त्या महिन्यात मला सायकल चालवता आली असती. तवा अंगात हुतं माझ्या. तीनातला एक महिना, आन् तो सगळ्यांत बरा. तुमी दोघांनी घेतला."

"तू खचशील म्हणून गं..."

"मग खचली असती की. माझी मी खचली असती."

तिनं डोळे पुसले. स्वतःचे आणि मग त्याच रुमालानं माझे. उठली आणि आत गेली. मी मागोमाग गेले.

"ऋचाताई," ती म्हणाली, "माझ्याकडं दहा आठवडे नाहीत. डॉक्टरांनी दोन महिने दिलेत. ही साडेपंधराची माझ्या अंगाशी जेवढी जवळ आणता येईल तेवढी आणून द्या."

ऋचाच्या हातात बिलाचं पुस्तक होतं. ते तिनं खाली ठेवलं. निळ्या सायकलीकडं बघून म्हणाली, "मी त्या बाईंना फोन करून विचारू का? त्या कदाचित..."

"नको. त्यांनीही थांबूनच घेतली असेल."

मग ऋचानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, बाहेर कुणी येऊ नये म्हणून, आणि पाने-पकड घेऊन खाली बसली. सीट पार खाली घेतली आणि पुढं सरकवली. हँडल जिथं बसतं तो तुकडा काढून दुसरा आखूड घातला. ब्रेकच्या दांड्या आत वळवल्या. दर वेळी विजूला बसवायची, बघायची, उतरवायची, परत पाना. दीड तास चाललं होतं. दोघी कामाचंच बोलत होत्या. "आता?" "अजून लांब वाटतंय." "कोपर मोकळं सोडा. आता?" "जरा बरं आहे." मी खुर्चीवर बसून ऐकत होते. मला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी ऋचा उठली. हात पुसत म्हणाली, "खोटं सांगत नाही ताई. अजून इंचभर मोठीच आहे. पाठ दुखेल. याच्या खाली ही येणार नाही."

"खोटं सांगितलं नाहीत, हेच पुष्कळ," विजू म्हणाली. ते मला लागलं, पण ती माझ्याकडं बघून बोलली नव्हती.

तिनं साडीचा पदर कमरेला घट्ट खोचला, निऱ्या वर ओढून घेतल्या आणि सायकल रस्त्यावर नेली. ऋचानं डोक्यावर हेल्मेटचं टोपडं बांधून दिलं. पहिल्या दहा हातांत सायकल डुलली. मग सरळ झाली. मी बघत असतानाच ती चौकाच्या पलीकडं गेली आणि दिसेनाशी झाली.

लाला आला तेव्हा ती आलेली नव्हती. त्याला सगळं ऋचाच्या तोंडावरूनच कळलं असावं. तो माझ्यापाशी येऊन खाली बसला.

"सांगितलंस?"

"मी न्हाई सांगितलं. तिनं वळाखलं."

"आई, तुला एवढं एक काम दिलं हुतं..." तो बोलता बोलता थांबला. चाळिशी ओलांडलेला माझा मुलगा, ऊसतोडीत चाळीस माणसांवर ओरडणारा. तो तिथं पायरीवर बसून तोंडात मूठ घालून रडला. ऋचा आत जाऊन उगाच सामान लावत राहिली.

तासाभरानं विजू आली. तोंड लाल, घामानं ब्लाऊज भिजलेला. लालाला बघून तिनं पाय टेकवले.

"नदीपतूर गेलती," ती म्हणाली. "पुलावर लय वारं हाय." मग म्हणाली, "लाला, माझी फाईल दे."

"ताई..."

"माझी हाय. दे."

त्यानं पिकअपच्या सीटखालून फाईल काढली आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली. तिनं ती उघडली नाही. काखेत धरली आणि ऋचाला म्हणाली, "घेते ही."

साताऱ्यात तिनं ती सतरा दिवस चालवली. सकाळी ऊन यायच्या आधी निघायची. पहिल्यांदा गोडोलीच्या तळ्यापर्यंत गेली, मग बोगद्यापर्यंत. नवव्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात पहिल्या वळणापर्यंत पोचली आणि कठड्यावर बसून मला फोन केला. "आई, खाली अख्खा सातारा दिसतोय. आपलं घर कुटलं ते कळत न्हाई, पर हाय त्यातच." धाप लागलेली होती, शब्द तुटत होते. घरी आली तेव्हा पाठ इतकी दुखत होती की पालथी पडली. मी तेल लावत होते. ती उशीत तोंड घालून म्हणाली, "इंचभर जवळ असती तर दुसऱ्या वळणापतूर गेली असती." मला टोचायला नाही म्हणाली. वहीवर शेरा मारावा तसं म्हणाली. दुसऱ्या वळणापर्यंत ती कधीच गेली नाही. त्यानंतर अंतर रोज थोडं थोडं कमीच होत गेलं.

घरात आता खोटं बोललेलं तिला चालत नव्हतं. शेजारची बाई यायची, म्हणायची, "सायकल चालवताय म्हंजे तब्येत सुधारली म्हणायची."

"न्हाई हो काकू. मरायला लागलीय. बसा, च्या घ्या."

ती बाई चहा अर्धा टाकून उठायची. पुढं पुढं येणारी माणसं कमी झाली. विजू म्हणायची, "बरं झालं, साखर वाचली."

मला ती सारखी विचारायची. "आज डोळं पिवळं दिसत्यात का?" "पाय सुजलाय का?" मी सुरुवातीला आडून बोलायची. "जरासं वाटतंय," म्हणायची. ती मान हलवायची. "जरासं न्हाई. बघून सांग." मग मी बघून सांगायला शिकले. सत्तरी ओलांडल्यावर. पाटीवरची अक्षरं त्यापेक्षा लवकर आली होती.

अठराव्या दिवशी तिनं सायकल दारातून बाहेर काढली, हँडल धरून थोडा वेळ उभी राहिली आणि परत आत आणून भिंतीला लावली.

दिवाळीच्या आधी चार दिवस लाला आला. विजू आता अंथरुणालाच होती. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या. लाला तिच्या उशाशी बसला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, दिवाळी झाली की मी सायकल पिकअपमधनं वर घेऊन जातो. यवतेश्वरला. तुलाबी नेतो. वरनं खाली उताराचा रस्ता, पायडल मारायलाच नको. बसायचं फकस्त. जमतंय की न्हाई बघ."

तो मनापासून बोलत होता. त्याचा त्यावर विश्वासही असावा.

विजूनं मान वळवली. त्याच्याकडं नाही, माझ्याकडं. "आई," ती म्हणाली, "जमंल का मला?"

लालानं माझ्याकडं बघितलं. हो म्हण, असं त्याचे डोळे सांगत होते. एक शब्द बोलायचा होता. लेकीच्या तोंडावर आनंद बघायला कुठल्या आईला नको असतं. माझ्या ओठांपर्यंत तो शब्द आला होता.

"न्हाई गं बाळ," मी म्हणाले. "आता न्हाई जमायचं."

लाला उठला आणि धाडदिशी दार ढकलून बाहेर गेला. विजूनं डोळे मिटले. मला वाटलं, तिला झोप लागली. पण थोड्या वेळानं तिनं माझा हात चाचपडून धरला, ओढून आपल्या पोटावर घेतला, उजव्या कुशीला, जिथं सगळ्यांत जास्त दुखायचं तिथं.

"हितं धर," ती म्हणाली. "जरा दाबून."

मी दाबून धरलं आणि तशीच बसून राहिले.